वारा डोंगराचा, पैसा कुणाचा? स्कॉटलंड, जत आणि आपल्या पवनचक्क्या

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतोय. स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं, ४५ टक्क्यांना वेगळं व्हायचं होतं. तेव्हा पौंड, तेल आणि पेन्शनवरून रान उठलं होतं. मला मात्र सगळ्यात खोल वाटला तो पवनचक्क्यांचा मुद्दा.

ब्रिटनच्या लोकसंख्येत स्कॉटलंडचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास, पण अपारंपरिक विजेत त्यांचा वाटा तेव्हा साधारण एक तृतीयांश होता. या विजेचं अनुदान तेव्हा इंग्लंड-वेल्ससकट सगळ्या ग्राहकांच्या बिलातून गोळा व्हायचं. म्हणजे चक्की स्कॉटलंडच्या डोंगरात आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसे भरणारा बहुतांशी लंडन-बर्मिंगहॅमचा ग्राहक. उद्या वेगळं झाल्यावर हे कुणी भरायचं? सगळा भार स्कॉटिश ग्राहकावर टाकला तर माणशी तो चौपट होतो.

मग मी आपल्याकडं बघायला लागलो. पवनचक्क्यांची आपली ठिकाणं म्हणजे साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरचं पठार. इकडं सांगलीत ढालगाव आणि जत. वारा आपला, जमीन आपली, आणि बाकी जवळजवळ काहीच आपलं नाही. ज्या प्रदेशाकडं वारा आहे पण ग्राहक नाही आणि मालकीही नाही, त्याला नुसतं स्वतंत्र होऊन विजेतून काही मिळणार नाही, असं माझं ठाम मत झालंय. आधी हिस्सा मागावा, झेंड्याचं नंतर बघावं. पाटण, जावळी, कवठेमहांकाळ, जत भागातल्या लोकांनी जरूर लिहा.

भडंगप्रेमी

चांगला धागा. भडंगाची पिशवी फोडून बसलोय, येऊ द्या.

कराडचा एडिनबराकर

कृष्णाकाठ, आकडे बरोबर आहेत, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मी इथं राहतो, २०१४ चा सगळा गदारोळ डोळ्यांनी पाहिलाय.

आधी व्यवस्था कशी होती ते सांगतो. २००२ पासून वीजपुरवठा कंपन्यांवर बंधन होतं की विकलेल्या विजेतला ठराविक हिस्सा अपारंपरिक असल्याची प्रमाणपत्रं दाखवायची. चक्कीवाल्याला विजेचे पैसे वेगळे आणि प्रमाणपत्राचे वेगळे, तेही २० वर्षं. ही योजना नव्या प्रकल्पांना २०१७ मध्ये पूर्ण बंद झाली, जमिनीवरच्या पवनचक्क्यांना तर त्याआधीच. तिची जागा घेतली १५ वर्षांच्या हमीभाव करारानं. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला तर फरक ग्राहकांकडून चक्कीवाल्याला, वर गेला तर चक्कीवाल्याकडून परत.

हे 'परत' महत्त्वाचं आहे. २०२१ च्या हिवाळ्यापासून गॅसचे भाव भडकले तेव्हा या करारातल्या चक्क्यांनी खरोखर पैसे परत केले. म्हणजे 'स्कॉटलंडच्या चक्क्या इंग्लंडच्या जिवावर' हे कायमचं सत्य नाही. स्वातंत्र्यवाद्यांचं म्हणणं होतं की बाजार एकच ठेवू, इंग्लंडलाही हरित वीज लागणारच आहे, ती आमच्याकडून स्वस्तात मिळेल. २०१३ च्या त्यांच्या श्वेतपत्रिकेत ते लिहिलेलं आहे.

हिशेबनीस

एडिनबराकर, वीज विकत घेणं वेगळं आणि अनुदान देणं वेगळं. इंग्लंड नॉर्वेकडून समुद्राखालच्या तारेनं वीज घेतं, २०२१ पासून. बाजारभावानं घेतं. नॉर्वेच्या धरणांना अनुदान देत नाही. शेजारच्याचं दूध घेतो म्हणून त्याच्या गोठ्याचं कर्ज आपण फेडत नाही. वेगळा देश झाला की स्कॉटलंडही त्याच रांगेत.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण माझा धंदाच हा. साताऱ्याच्या पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्यापेक्षा आयकराच्या जोरावर. पवनचक्कीवर आधी पहिल्या वर्षी १०० टक्के घसारा (मशीनच्या किमतीचा जो भाग करपात्र नफ्यातून वजा करता येतो तो) मिळायचा, नंतर तो ८० झाला. समजा ५ कोटींची मशीन घेतली. पहिल्याच वर्षी ४ कोटी नफ्यातून वजा. कर ३३ टक्के धरला तर सव्वा कोटीच्या वर कर त्या वर्षी वाचला. त्यातला बराचसा पुढं ढकलला गेला हे खरं, पण हातात रोकड आज राहिली. शिवाय राज्याची विक्रीकर सवलत. मग कुणी घेतल्या चक्क्या? ज्यांना मोठा नफा लपेटायचा होता त्यांनी. मोटारवाले, कापडवाले, रंगवाले. त्यांतल्या किती मालकांनी वनकुसवडे पाहिलं असेल?

मशीन पहिल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी चालली तर त्या वर्षीचा घसारा निम्मा. म्हणून सप्टेंबरअखेरीच्या आत चालू करायची घाई असायची, भर पावसात. आणि ते हुकलं की ३१ मार्चच्या आत.

२०१२ मध्ये ही सवलत काढली, २०१४ मध्ये परत दिली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणली. दिल्लीतल्या एका ओळीनं पठारावरची क्रेन थांबते नाहीतर धावते. प्रदेशाच्या हातात काय असतं आणि काय नसतं, ते इथं दिसतं.

पाटणची लेक

हिशेबनीस काका, तुमचा घसारा वाचून वाईट वाटलं, कारण त्या क्रेन मी लहानपणी पाहिल्यात. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जमीन होती. वरकस, नाचणी-वरईची. एका एजंटानं येऊन घेतली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्या काळी तिथं कुणी गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळं हातात आलेली रक्कम मोठी वाटली. दोन वर्षांत ती लग्नाकार्यात आणि घराच्या पत्र्यात गेली. चक्की अजून फिरते.

लाभ झालाच नाही असं मी म्हणणार नाही. चक्क्यांसाठी रस्ता आला म्हणून आजारी माणूस खाली नेता येतो. पण परवा आईचं लाईटबिल हातात घेऊन नीट वाचलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. वहन आकार म्हणजे वीज वाहून आणायचे पैसे. ओट्यावर बसलं की चक्कीचं पातं दिसतं, आणि वहन आकार मुंबईच्या उपनगरात महावितरणच्या ग्राहकाला जो, तोच आमच्या आईला.

आणि कोयना विसरू नका. धरण आमच्या तालुक्यात, १०५ टीएमसीचं. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडं पोफळीला उतरतं, १९६० मेगावॅट वीज होते. ज्यांची गावं शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, गेली त्यांतले लोक सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे असे पांगले, आणि पुनर्वसनासाठी त्यांची नातवंडं आजही मोर्चे काढतात. अनुदान कुणाला मिळतं यावर बोलताना किंमत कुणी मोजली हेही बोलूया.

शिराळकर

ताई, मनातलं बोललात.

वऱ्हाडी माणूस

आम्ही नेमकं हेच सांगतो तेव्हा तुम्ही आम्हाला फुटीर म्हणता! चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा वेगळे. कोळसा आमचा, राख आमच्या छातीत, वीज जाते पुण्या-मुंबईला. १९५३ च्या नागपूर करारात काय काय कबूल केलं होतं ते काढून वाचा. १९८४ च्या दांडेकर समितीनं अनुशेष मोजून दाखवला, त्यात शेतीपंपांच्या वीजजोडण्यांचाही होता. म्हणजे वीज आमच्याकडं तयार झाली आणि पंप तुमच्याकडं जोडले गेले. वेगळं राज्य झालं तर निदान विजेचा भाव आम्ही ठरवू.

हिशेबनीस

वऱ्हाडी, वेदना मान्य, पण भाव तुम्ही ठरवाल का? वीजकेंद्रं राज्याच्या कंपनीची. तिची कर्जं, करार, देणी सगळं वाटून घ्यावं लागेल. शेतीपंपाचा दर कमी ठेवायला जे पैसे लागतात ते कारखान्यांच्या चढ्या दरातून आणि राज्याच्या तिजोरीतून येतात. ते कारखाने मुख्यतः मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात. वेगळं राज्य झाल्यावर तुमच्याकडं वीज जास्त आणि जास्त दर भरणारा ग्राहक कमी. हुबेहूब स्कॉटलंडचाच पेच.

मात्र एका बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा पुढं आहात. कोळशावर रॉयल्टी आहे, आणि २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणींच्या रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम खाणवाल्यानं वेगळी भरायची आणि ती त्याच जिल्ह्यात खर्च व्हायची, असा कायदा आहे. वाऱ्यावर रॉयल्टी नाही, त्यामुळं प्रतिष्ठानही नाही.

वऱ्हाडी माणूस

प्रतिष्ठानचे पैसे कुठं खर्च होतात त्यावर वेगळा धागा लागेल, भाऊ. पण मुद्दा लक्षात आला. रॉयल्टीची सोय तुमच्याकडंही पाहिजे, याला माझा पूर्ण पाठिंबा.

जतकर

आमच्या तालुक्याचं वर नुसतं नाव आलंय, म्हणून लिहितो.

जत पूर्व भागातल्या ४० गावांनी २०१२ च्या दुष्काळात ठराव केला होता की पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी तोच ठराव पुढं करून ४० गावांवर हक्क सांगितला आणि इकडं मुंबईत एकदम धावपळ सुरू झाली. विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेसाठी सुमारे २ हजार कोटींची घोषणा झाली. दहा वर्षं जे अर्जविनंत्यांनी झालं नाही ते एका धमकीनं काही आठवड्यांत झालं. बाहेरचे याला सीमावाद म्हणतात. ज्यांच्या घरी मार्चपासून टँकर येतो त्यांना तो पाण्याचा वाद आहे, आणि पाण्याचा म्हणजे विजेचा. म्हैसाळचं पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्यानं उचलत आणावं लागतं. पंप चालले तर पाणी. वीजबिल थकलं की पंप बंद, हे आम्ही कितीतरी उन्हाळे पाहिलंय. आता बिलाचे ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के शेतकऱ्याकडून पाणीपट्टीत घेतात. टेंभू-ताकारी या उपसा योजनांनाही तेच.

आता याच जतमध्ये पवनचक्क्या आहेत. सोलरचे पट्टे वाढताहेत. ज्या रानावरून वीज बाहेर जाते त्याच रानात पाणी चढवायला सरकारी अनुदानाची वीज लागते. ही वीज थेट पंपाला जोडून हिशेब एकत्र करा, एवढीच मागणी आहे. आम्हाला कर्नाटकात जायचं नाही. बिदागीसारखी मदतही नको. हिशेबात धरा.

औंधचा आजोळवाला

जतकर, फार नेमकं लिहिलंत.

थोडं विषयांतर करतो. स्वायत्ततेचा प्रयोग आपल्या मातीत दोनदा झालाय. १९३९ मध्ये औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं घटना दिली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवला. आटपाडीही त्याच संस्थानात. दुसरा प्रयोग १९४३ ते ४६ चा, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. न्यायदान मंडळं, तुफान सेना, सगळं होतं. पण पैसा? शेणोलीला रेल्वेची रोकड काढली, १९४४ मध्ये थेट धुळ्याकडचा सरकारी खजिना लुटून आणला. गावाचा न्याय गावात करता आला, त्याला लागणारा पैसा मात्र जिल्ह्याबाहेरून आणावा लागला.

भडंगप्रेमी

आजोळवाले, हे शाळेत असं शिकवलं असतं तर इतिहासात मला चांगले मार्क पडले असते.

कराडचा एडिनबराकर

प्रतिसरकारचा उल्लेख वाचून अंगावर काटा आला. माझे पणजोबा तुफान सेनेच्या दलात होते.

स्कॉटलंडची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती कृष्णाकाठच्या 'आधी हिस्सा' या म्हणण्याला बळ देणारी आहे. पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं बेट आहे, वस्ती शंभराच्या आसपास. पूर्वी सगळं बेट एका जमीनदाराचं होतं. १९९७ मध्ये रहिवाशांनी वर्गणी काढून, देणग्या गोळा करून बेट विकत घेतलं. २००८ पासून त्यांची स्वतःची वीज आहे: ओढ्यावरची छोटी जनित्रं, चार लहान पवनचक्क्या, सौर पॅनल आणि बॅटऱ्या. घरामागे ५ किलोवॅटची मर्यादा. त्यावर गेलात की तुमची वीज बंद पडते. केटल, वॉशिंग मशीन आणि हीटर एकदम लावायचे नाहीत हे पोराटोरांनाही ठाऊक. त्यांनी सार्वमताची वाट पाहिली नाही.

आणि मोठ्या प्रकल्पांसाठीही इथल्या सरकारची शिफारस आहे: जमिनीवरच्या पवनचक्कीनं मेगावॅटमागे वर्षाला ५ हजार पौंड आसपासच्या गावांना द्यावेत. कायद्यानं सक्तीचं नाही, पण बहुतेक नवे प्रकल्प देतात. गावं त्यातून समाजमंदिरं चालवतात, पोरांना शिष्यवृत्त्या देतात.

हिशेबनीस

थांबा, हा आकडा आपल्याकडं लावून बघू. पौंडाला ढोबळ १०० रुपये धरू, आज त्याहून जास्तच आहे. मेगावॅटला वर्षाला ५ लाख. वनकुसवडे पार्क सुमारे २५० मेगावॅट धरलं तर वर्षाला साडेबारा कोटी. हे पठाराखालच्या वाड्यांना!

मालकाला परवडेल का? आपल्याकडं १ मेगावॅटची चक्की २० टक्के क्षमतेनं चालली तर वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट. ५ लाख भागिले साडेसतरा लाख म्हणजे युनिटला २८ पैसे. वीज नियामक आयोगाच्या २००३ च्या आदेशात नव्या चक्क्यांना पहिल्या वर्षी साडेतीन रुपये आणि पुढं दरवर्षी १५ पैशांची वाढ होती, १३ वर्षं. तेव्हा हा हिस्सा मागितला असता तर दोनच वर्षांच्या वाढीत निघून गेला असता.

उद्योगनगर

मी गुंतवणुकीच्या बाजूनं बोलतो, रागावू नका. तो साडेतीन रुपयांचा जमाना गेला. २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले, फेब्रुवारीत ३ रुपये ४६ पैसे निघाला आणि त्याच डिसेंबरात २ रुपये ४३ पैसे. त्यात २८ पैसे म्हणजे अकरा-बारा टक्के. प्रकल्प सरळ गुजरात-तामिळनाडूला जाईल. साताऱ्याचा वारा चांगला, पण रस्ते अवघड, जमिनीचे तुकडे आणि एका सातबाऱ्यावर पंधरा नावं. जास्त ताणलं तर पठार रिकामं राहील.

पाटणची लेक

पठार रिकामं राहिलं तर आमचं काय जाईल, सांगा की! तुमचा मुद्दा समजतो, पण गुजरातला जाण्याची भीती घालूनच आमच्याकडून आजवर सगळं स्वस्तात घेतलं गेलंय. आणि जलविद्युतवाल्यांना हाच नियम कसा चालतो? हिमाचलात प्रकल्प बांधला की यजमान राज्याला १२ टक्के वीज फुकट, वर स्थानिक विकासासाठी १ टक्का. तिथले प्रकल्प पळून गेले नाहीत.

जतकर

बरोबर. आणि शेतीपंपांसाठीच्या सौर कृषी वाहिनी २.० या योजनेत सरकारनंच जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख ठरवलंय, दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, पण फक्त ३ वर्षं. प्रकल्प २५ वर्षांचा आणि गावाचा वाटा ३ वर्षांचा. तरी जमीन मालकाच्या नावावर राहते ही मोठी सुधारणा. आमच्या भागात माळरान पडून असलेल्या काही जणांनी यासाठी अर्ज केलेत.

देशांतर

हिमाचल निघालंच आहे तर भूतानही बघा. देश स्वतंत्र, ग्राहक शेजारी. चुखा प्रकल्प ३३६ मेगावॅटचा, १९८६ ते ८८ मध्ये सुरू झाला. पैसे भारतानं दिले: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. जास्तीची वीज भारतच घेतो. भूतानच्या तिजोरीला विजेचा मोठा आधार आहे, कारण प्रकल्पाची मालकी भूतानची. स्कॉटलंडला इंग्लंडकडून असं काही मिळालं असतं का, हा खरा प्रश्न. शेजाऱ्याला तुमची गरज किती, यावर ते ठरतं.

पठारावरचा

मी इथं देखभालीचं काम करतो, आयटीआय करून लागलो. एवढं अर्थशास्त्र मला जमत न्हाई, पण दोन गोष्टी सांगतो.

वारा जून ते सप्टेंबर. तवा पठारावर धुकं असतंय, समोरचा माणूस दिसत न्हाई. मनोऱ्याच्या दारातनं आत गेलं की कंट्रोल पॅनल, त्याच्यावर वाऱ्याचा वेग आन् किलोवॅट. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३-४ मीटर झाला की मशीन वीज द्यायला लागती, २५ च्या वर गेला की आपोआप थांबती. पट्टा बांधून शिडीनं वर चढायचं. एवढं सगळं करून मशीन नीट चालू ठेवली आन् खाली लाईन ट्रिप झाली की सगळ्या चक्क्या गप्प. वारा घोंघावतोय आन् पॅनलवर शून्य. भर सीझनला हे बघून जीव तुटतो. एडिनबराकर दादा, तुमच्याकडं अशा वेळंला काय करत्यात?

कराडचा एडिनबराकर

दादा, तुमचं काम फार मोलाचं. इथंही तारा अपुऱ्या आहेत. स्कॉटलंडमधून इंग्लंडकडं जाणाऱ्या वाहिन्या भरल्या की उत्तरेतल्या चक्क्या थांबवायला सांगतात, आणि थांबल्याबद्दल चक्कीवाल्याला भरपाई मिळते. तीही शेवटी सगळ्या ब्रिटनच्या ग्राहकांच्या बिलातून. इथं यावर लोक फार चिडतात, आणि मलाही ते पटत नाही. ते पैसे तारांमध्ये आधी घातले असते तर बरं झालं असतं.

पठारावरचा

आमच्याकडं थांबलेल्याचं कुणी पैसं देत न्हाई. आन् मशीन जुन्या झाल्यात. मालक सारखे बदलत्यात, आमचा ठेकेदार पण बदलतो.

सडाफुली

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. चाळकेवाडीचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, ओसाड नाही. पावसाळ्यानंतर तिथं जी फुलं येतात ती इतरत्र क्वचित दिसतात. शेजारी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, २०१० पासून. नवे रस्ते कापताना कातळावरचा मातीचा पातळ थर जातो आणि परत येत नाही. हिस्सा मागताना त्यात सड्याच्या दुरुस्तीचा खर्चही धरा, ही कळकळीची विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. हिस्सा मागायचा ठराव गावांनी करावा असं मला वाटतं, आणि सडाफुली, तुमचं म्हणणं त्यात यायलाच हवं.

मूळ प्रश्नाकडं येतो. प्रदेश वेगळा झाला तर अनुदान कोण देणार? देशांतर यांच्या भूतानवरून एक अट जोडावी लागेल: मालकी तुमची आणि शेजाऱ्याला गरज, दोन्ही असेल तर वेगळं होऊनही जमतं. साताऱ्या-सांगलीकडं यातलं पहिलंच नाही. पण पठारावरच्या दादांनी सांगितलेली 'मशीन जुन्या झाल्यात' ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. १९९९-२००४ च्या सुमाराच्या चक्क्यांचं आयुष्य संपत आलंय. केंद्राचं रिपॉवरिंगचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं. २ मेगावॅटपेक्षा लहान मशीन काढून मोठ्या बसवा, असं ते सांगतं. मोठी मशीन म्हणजे लांब पातं. लांब पातं वर न्यायला वळणं रुंद करावी लागतील, आणि वळणावरची जमीन अजून गावकऱ्यांची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी वाटाघाटीची संधी होती आणि कुणाला ठाऊक नव्हती. आता ती परत येतेय.

वऱ्हाडी माणूस

माझं मत तरी तेच राहील की राज्य लहान असेल तर अशा वाटाघाटी सोप्या होतात. मुंबईला पाटणचं वळण दिसत नाही, तसं चंद्रपूरही दिसत नाही. पण ठराव करा, आम्हीही खाली सही करू.

पाटणची लेक

कृष्णाकाठ दादा, आमच्या सरपंचताईंशी फोनवर बोलले. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायला त्या तयार आहेत. मागणी मेगावॅटमागे लिहायची की युनिटमागे? युनिटमागे लिहिलं तर वारा कमी पडलेल्या वर्षी गावाचंही कमी होणार.

हिशेबनीस

मेगावॅटमागे ठराविक रक्कम मागा, आणि सौर वाहिनीसारखी दरवर्षी ३ टक्के वाढ लिहा. मुदत तीन वर्षं नको, मशीन उभी आहे तोवर. युनिटमागे केलं तर दर महिन्याच्या मीटर वाचनाची प्रत मागत बसावं लागेल.

आणि नुसता ठराव पुरत नाही. नवा रस्ता किंवा वळणाची जमीन देताना खरेदीखत न करता नोंदणीकृत भाडेकरार करा आणि हिस्स्याचं कलम त्यातच घाला. सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद घ्यायला लावा. मालक बदलला तरी नव्या मालकाला ते बांधील राहील. उद्योगनगर यांच्या हरकतीवर तोडगा म्हणून पहिली पाच वर्षं निम्मी रक्कम, कर्ज फिटायला लागलं की पूर्ण, असंही लिहिता येईल.

उद्योगनगर

पाच वर्षं निम्मी, हे बँकेलाही पटेल. मसुदा इथं टाका, कर्जाच्या बाजूनं मी वाचून देतो.

जतकर

मसुदा आला की आमच्याकडच्या गावांनाही पाठवा. ढालगावच्या बाजूचे दोन-तीन सरपंच माझ्या ओळखीचे आहेत.